केमोथेरपीच्या मळमळीवर आले : किती, केव्हा आणि कसे

केमोथेरपीमुळे होणारी मळमळ ही शिळे किंवा जड खाल्ल्याने होणाऱ्या मळमळीपेक्षा वेगळ्या वाटेने येते. सिस्प्लॅटिनसारखे औषध रक्तात उतरले की लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य भराभर सोडू लागतात. तिथल्या व्हेगस मज्जातंतूची टोके त्याने चेतवली जातात आणि तो निरोप मेंदूच्या तळाशी, उलटीचे नियंत्रण करणाऱ्या भागापर्यंत पोहोचतो. रक्तातली घातक द्रव्ये थेट हेरणारी एक जागाही मेंदूत तिथेच जवळ असते. त्यामुळे पोटात अन्नाचा कण नसतानाही उमाळे येतात. लंघन करून ही मळमळ टळत नाही आणि 'पित्त खवळले असेल' म्हणून घेतलेल्या पित्तशामक गोळीनेही ती सहसा हटत नाही.

या मळमळीचे काळानुसार प्रकार केले जातात आणि आल्याचा उपयोग समजून घ्यायला ते माहीत असणे आवश्यक आहे. सलाइन लागल्यापासून पहिल्या चोवीस तासांत होते ती तीव्र मळमळ. चोवीस तासांनंतर सुरू होऊन चार-पाच दिवस रेंगाळते ती उशिराची. सिस्प्लॅटिनच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचा जोर सर्वाधिक असतो. ती होण्यात सेरोटोनिनपेक्षा 'सबस्टन्स पी' नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा हात मोठा असतो. तिसरा प्रकार आठवणीतून येणाऱ्या मळमळीचा. आधीच्या केमोत खूप त्रास झालेल्या माणसाला पुढच्या वेळी रुग्णालयाच्या जिन्यातला फिनेलचा वास आला किंवा सुई टोचायला नर्सने हात धरला, तरी पोटात ढवळू लागते. या तिसऱ्या प्रकारावर आल्याचा उपयोग होईल असे मानायला आधार नाही. तिथे शिथिलीकरणाचे व्यायाम, समुपदेशन आणि डॉक्टरांनी दिलेली मन शांत करणारी गोळी कामाला येते. अशी आठवण तयारच होऊ नये यासाठी पहिल्या केमोपासून मळमळ काबूत ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

सर्व केमो सारख्या मळमळीच्या नसतात. सिस्प्लॅटिन, तसेच स्तनाच्या कर्करोगात एकत्र दिली जाणारी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी सर्वांत त्रासदायक गटात मोडते. डॉक्सोरुबिसिन रंगाने लाल असल्यामुळे रुग्ण तिला 'लाल केमो' म्हणूनच ओळखतात. उलटी रोखणारे औषध न देता सिस्प्लॅटिन दिले, तर दहांतल्या नऊंहून अधिक जणांना उलट्या होतात. कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन मधल्या गटात येतात, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल कमी त्रासाच्या गटात, आणि व्हिनक्रिस्टिनने क्वचितच मळमळते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला आल्याने आराम पडला एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. त्याचे औषध कोणते होते हे आधी पाहावे लागते.

आज या मळमळीवरची मुख्य भिस्त औषधांवर आहे आणि ती औषधे चांगली आहेत. ऑनडॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन आणि पॅलोनोसेट्रॉन ही सेरोटोनिनचा मार्ग अडवतात. अॅप्रेपिटंट सबस्टन्स पीची वाट बंद करते. त्यांच्या जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ओलान्झापिन दिले जाते. ओलान्झापिनने दिवसभर गुंगी राहते अशी तक्रार अनेकांची असे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांची एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीत नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिननेही उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि गुंगी कमी आली. औषधे घेऊनही मळमळ राहत असेल तर ती बदलून, वाढवून किंवा नव्याने जोडून घेता येतात. डॉक्टरांना त्रास न सांगता घरी परतल्यावर आले देत राहणे, ही त्यामुळेच सर्वांत मोठी चूक ठरते. लिहून दिलेली प्रत्येक गोळी वेळेवर घेतल्यानंतरही जी मळमळ उरते, तिच्यावर आले देऊन पाहायचे.

मळमळ आणि उलटी या दोन तक्रारी डॉक्टरांना वेगवेगळ्या सांगणेही गरजेचे आहे. वरची औषधे उलटी बऱ्यापैकी थांबवतात, पण मळमळ तितकी थांबवत नाहीत. उलटी दिसते, मोजता येते. मळमळ फक्त रुग्णालाच कळते. 'उलटी झाली का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देऊन रुग्ण मोकळा होतो आणि तीन दिवस त्याने काही खाल्लेले नाही हे सांगायचे राहून जाते. आल्याला काही जागा असेल तर ती नेमकी इथे, उलटी थांबल्यावरही मागे राहणाऱ्या मळमळीत.

आल्याच्या तिखटपणाला कारण असलेली द्रव्ये म्हणजे जिंजेरॉल आणि शोगॉल. ओल्या आल्यात जिंजेरॉल अधिक असते. आले वाळताना किंवा तापताना त्यातल्या काहींचे शोगॉल बनते, आणि ते अधिक तिखट असते. म्हणून चिमूटभर सुंठही घशाला चटकन जाणवते. आतड्यात सेरोटोनिन ज्या जागांना चिकटून निरोप देते त्या जागा (ग्राहक) ही द्रव्ये काही प्रमाणात अडवतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आल्याने जठर रिकामे होण्याचा वेग थोडा वाढतो, असेही काही चाचण्यांत आढळले आहे. ऑनडॅनसेट्रॉन ज्या दारावर पहारा देते त्याच दारापाशी आलेही उभे असते, पण त्याचा जोर फार कमी. ते एकट्याने हे काम पेलू शकत नाही.

चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि आल्याची तारीफ करणारे लेखन बहुधा त्यांतला एकच निकाल उचलते. तो निकाल अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. त्यात ५७६ रुग्णांची पाहणी झाली. बहुतेक स्त्रिया होत्या, त्यातही स्तनाच्या कर्करोगाच्या अधिक, आणि आधीच्या केमोत त्यांना मळमळीचा त्रास झालेला होता. सगळ्यांना नेहमीची उलटीरोधक औषधे चालू होती. काहींना दिवसाला अर्धा ग्रॅम, काहींना एक ग्रॅम, काहींना दीड ग्रॅम आल्याच्या कॅप्सूल दिल्या गेल्या आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ औषधाच्या. पहिल्या दिवसाची मळमळ आल्याच्या तिन्ही गटांत कमी झाली. सर्वांत चांगला परिणाम अर्ध्या आणि एक ग्रॅमचा होता. दीड ग्रॅमने त्याहून अधिक काही साधले नाही. घरगुती उपायांत 'थोडे आणखी घे, बरे वाटेल' हा जो आग्रह असतो, त्याला उत्तर द्यायला हा निकाल पुरेसा आहे.

या चाचणीची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तीत आले केमोच्या दिवशी सुरू झाले नव्हते. तीन दिवस आधीपासून सुरू करून ते एकूण सहा दिवस, दिवसातून दोनदा दिले गेले. मळमळ सुरू झाल्यावर आल्याचा तुकडा चघळणे आणि मळमळ येण्याआधीच अंगात आले मुरलेले असणे यांत फरक आहे, आणि चाचणीने तपासले ते दुसरे.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हाडांचा कर्करोग झालेल्या ८ ते २१ वर्षांच्या रुग्णांवर झालेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांना सिस्प्लॅटिन आणि डॉक्सोरुबिसिन अशी कडक केमो चालू होती. औषधांच्या जोडीला वजनानुसार सुंठीच्या पुडीच्या कॅप्सूल दिल्यावर मध्यम ते तीव्र मळमळ आणि उलट्या, पहिल्या दिवशीच्याही आणि नंतरच्याही, कमी झाल्या. भारतीय रुग्ण आणि भारतीय सुंठ असल्यामुळे हा निकाल इथल्या वाचकाला अधिक जवळचा. मात्र चाचणी लहान होती.

विरुद्ध बाजूचे निकालही तितकेच खरे आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या २००९ सालच्या १६२ रुग्णांच्या चाचणीत एक किंवा दोन ग्रॅम आल्याने उशिराची मळमळ कमी झाली नाही. उलट, अॅप्रेपिटंट घेणाऱ्यांपैकी ज्यांनी आलेही घेतले त्यांची पहिल्या दिवशीची मळमळ अधिक तीव्र होती. इटलीत सिस्प्लॅटिन घेणाऱ्या २४४ रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आल्याच्या अर्काचा सरसकट फायदा दिसला नाही. चाचण्यांतले आले एका प्रकारचे नसणे, मात्रा निराळ्या असणे, सोबतची औषधे निराळी असणे ही या मतभेदाची काही कारणे. या सगळ्यांतून हाती लागते ते एवढेच: माफक मात्रेत, आधीपासून घेतलेले आले पहिल्या दिवसाची मळमळ काही रुग्णांत कमी करते, उशिराच्या मळमळीबद्दल पुरावा डळमळीत आहे, आणि अॅप्रेपिटंट चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आल्याची औषधी मात्रा सुरू करू नये.

मात्रा

प्रौढ रुग्णासाठी दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठ, दोन वेळांत विभागून, हे प्रमाण चाचण्यांच्या आधाराने धरता येते. पाच मिलिलिटरचा लहान चमचा सपाट भरला तर त्यात साधारण दोन ग्रॅम सुंठपूड मावते. म्हणजे पाव चमच्यात अर्धा ग्रॅम. सकाळी पाव चमचा आणि संध्याकाळी पाव चमचा घेतली की एक ग्रॅम झाला. त्यापुढे जाऊ नये. मुलांची मात्रा घरी ठरवू नये. ती वजनावर असते आणि त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायची असते.

ओल्या आल्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते. त्यामुळे एक ग्रॅम सुंठीच्या जागी साधारण पाच ग्रॅम ओले आले लागते. किसलेल्या आल्याचे ते दोन ते अडीच लहान चमचे होतात. घरात छोटा वजनकाटा असेल तर एकदा पाच ग्रॅम किस तोलून पाहावा. मग रोज अंदाज चुकत नाही. चहात घातलेला एक ठेचलेला तुकडा आणि चटणीत घातलेले बोटभर आले यांत एवढा फरक असतो, की 'आले चालू आहे' या वाक्याला मोजमापाशिवाय काही अर्थ राहत नाही.

केमोची तारीख सोमवारची असेल तर शुक्रवारपासून सुरू करावे आणि बुधवारी थांबवावे. हा सहा दिवसांचा हिशेब चाचणीतला आहे आणि त्याचा आणखी एक फायदा आहे. बहुतेक केमोंत रक्तातल्या प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत खाली जातात. त्या काळात आल्याची औषधी मात्रा बंद असणे हेच बरे. महिनोन् महिने रोज सुंठ चालू ठेवण्याने मळमळीसाठी काही जास्त मिळत नाही.

रूपे

सुंठीची गोळी हा मात्रेच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा घरगुती प्रकार. सुंठ, गूळ आणि तूप हे मिश्रण घरोघरी ठाऊक असते. इथे ते मोजून करायचे. दोन सपाट लहान चमचे बारीक चाळलेली सुंठपूड, चार चमचे किसलेला मऊ गूळ आणि चमचाभर पातळ तूप एका ताटलीत घ्यावे. गूळ बोटांनी चुरडत सुंठीत मिसळत गेले की दोन-तीन मिनिटांत गोळा धरू लागतो. कोरडा वाटला तर तुपाचे दोन थेंब पुरतात, पाणी घालू नये. गोळा लांबट वळून आधी मधोमध, मग पुन्हा मधोमध असा कापत आठ सारखे भाग करावेत. प्रत्येक गोळीत अर्धा ग्रॅम सुंठ येते. सकाळी न्याहारीनंतर एक आणि संध्याकाळी एक, अशा या गोळ्या चार दिवस पुरतात. गुळामुळे तिखटपणा मऊ होतो आणि तुपामुळे सुंठ घशाला चिकटत नाही. मधुमेह असणाऱ्यांसाठी मात्र हा प्रकार नाही. केमोबरोबर दिलेल्या डेक्सामेथासोनने त्यांची साखर आधीच वर गेलेली असते.

सुंठपूड विकतची घेतली तर परवाना क्रमांक आणि तारीख छापलेल्या बंद पाकिटातली घ्यावी. अख्खी सुंठ घेऊन घरी दळणे अधिक चांगले, पण तिच्यात दोऱ्यासारखे तंतू असतात. मिक्सरमधून काढल्यावर बारीक चाळणीने चाळावी लागते. बाजारात काही सुंठ चुना लावून पांढरी केलेली असते. बोटाला पांढरी पूड लागली तर ती सोडून मळकट, सुरकुतलेली, तोडली असता आत पिवळसर दिसणारी सुंठ निवडावी.

आल्याचे पाणी हे दुसरे रूप, आणि ज्यांना गिळणे नको वाटते त्यांच्यासाठी सोयीचे. अडीच चमचे किसलेले आले दोन कप पाण्यात घालून झाकण ठेवून दहा मिनिटे मंद उकळावे, गाळून कोमट किंवा थंड करावे. दिवसभरात दोन-दोन घोट घेत ते संपवावे. आल्यातले सगळे तिखट द्रव्य पाण्यात उतरत नाही, त्यामुळे गोळीच्या तुलनेत ही मात्रा सौम्य पडते. लिंबू आणि किंचित सैंधव घातले तर बहुतेकांना ते अधिक प्यावेसे वाटते. थंड पाण्याला वास कमी येतो ही त्यातली मोठी सोय. केमोनंतरच्या दिवसांत कढत पदार्थाची वाफच नको होते.

आल्याचा चहा हा उपाय म्हणून कच्चा आहे. त्यात आले किती पडते ते कुणी मोजत नाही, दूध आणि साखर पोटाला जड होतात आणि रिकाम्या पोटी तो घेतला तर जळजळ वाढते. चहाची तल्लफ असेल तर जरूर घ्यावा, फक्त त्याला औषध समजू नये. आलेपाकाच्या वडीत साखरच जास्त असते. लाळ सुटण्यासाठी, तोंडाची चव बदलण्यासाठी एखादी वडी चघळायला ठीक. आले-लिंबाचे पाचक बरणीत महिनाभर मुरलेले असेल तर ते या काळात टाळावे. 'जिंजर' असे नाव असलेल्या थंड पेयांत आणि बिस्किटांत बहुधा स्वादच असतो.

तयार कॅप्सूलमध्ये मात्रा छापलेली असते, पण वेगवेगळ्या उत्पादनांत जिंजेरॉलचे प्रमाण बरेच कमीजास्त आढळते. पाकिटावर सुंठीची पूड आहे की अर्क आहे हे पाहावे. अर्काचा अर्धा ग्रॅम आणि पुडीचा अर्धा ग्रॅम एक नव्हे. मिरी, पिंपळी, हळद, अश्वगंधा असे आणखी काही मिसळलेले उत्पादन केमोच्या दिवसांत घेऊ नये. भेटायला येणारा प्रत्येकजण एकेक काढा सुचवून जातो, आणि त्यातल्या कशाचा केमोच्या औषधाशी काय संबंध येईल हे सुचवणाऱ्याला ठाऊक नसते.

कोणतेही रूप घेतले तरी उपाशीपोटी घेऊ नये. एखादे सुके बिस्किट, मूठभर साळीच्या लाह्या किंवा दोन चमचे मऊ भात पोटात गेल्यावर घ्यावे. डेक्सामेथासोनने पोटात आग होत असते. त्यावर सुंठीचा फक्का म्हणजे दुखणे वाढवणे.

वासाशी जडणारी नावड

केमोच्या मळमळीत खाल्लेला पदार्थ मनातून उतरतो. अमेरिकेतल्या सिएटल येथे इलीन बर्नस्टीन यांनी १९७८ साली हे नेमके दाखवले. केमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका नव्या स्वादाचे आइसक्रीम दिले गेले. काही आठवड्यांनी तेच आइसक्रीम पुढे केल्यावर ज्यांना मळमळीची केमो मिळाली होती त्यांतली बरीच मुले ते नाकारू लागली. आइसक्रीमचा काही दोष नव्हता. शरीराने दोन गोष्टींची गाठ मारली होती.

आल्याचेही असेच होऊ शकते, आणि आल्याचा वास तर आइसक्रीमपेक्षा कितीतरी ठसठशीत. ऐन उलट्या चालू असताना पहिल्यांदाच आले पुढे केले, तर पुढे वर्षानुवर्षे घरातल्या फोडणीचा, आमटीचा, चहाचा वास त्या रुग्णाला नकोसा होण्याची शक्यता असते. म्हणून सुरुवात दोन केमोंच्या मधल्या बऱ्या दिवसांत, लहान प्रमाणात करून पाहावी. चालते असे दिसले तरच पुढच्या केमोच्या आधी तीन दिवस नेमाने सुरू करावे. रुग्णाला आल्याचा वास मुळातच आवडत नसेल तर आग्रह करू नये; कॅप्सूल हा त्याच्यासाठी मार्ग आहे, किंवा आले सोडून देणे हाही आहे. आले उकळायचे ते रुग्ण नसेल त्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, झाकणाखाली.

कोणी घेऊ नये

आल्यामुळे प्लेटलेट्सची एकमेकींना चिकटण्याची क्षमता थोडी कमी होते असे प्रयोगांत दिसले आहे. स्वयंपाकातल्या आल्याने रक्तस्राव होतो असे मानायला कारण नाही. पण केमोत प्लेटलेट्स आधीच घटलेल्या असतात आणि त्या ५० हजारांच्या खाली असतील तर औषधी मात्रेतले आले बंद ठेवणे शहाणपणाचे. नाकातून, हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर कारण नसता निळे-जांभळे डाग उठणे अशी लक्षणे असतील तर प्लेटलेट्सचा आकडा हाती येण्याची वाटही पाहू नये.

कर्करोगात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अनेक रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात: वॉरफरिन, अॅपिक्साबॅन, पोटावर घ्यायची एनॉक्सापॅरिनची इंजेक्शने. हृदयरोग असलेल्यांना अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असते. या सर्वांनी डॉक्टरांना विचारूनच आल्याची मात्रा घ्यावी. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधीपासून ती थांबवावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगावे. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, जठरात व्रण असलेल्यांनी आणि छातीत जळजळीचा जुना त्रास असलेल्यांनी आल्यापासून लांब राहावे.

तोंड आले असेल तर आले कोणत्याच रूपात तोंडात धरू नये. ५-फ्लुरोयुरॅसिल, मेथोट्रेक्झेट यांसारखी औषधे आणि डोक्या-मानेवरचे किरणोपचार यांनी तोंडाचे अस्तर सोलवटून निघते. त्यावर आल्याचा तुकडा म्हणजे जखमेवर मिरचीच.

कर्करोगावरच्या रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. अशा अनेक गोळ्यांचे विघटन यकृतातल्या एका विशिष्ट वितंचकामार्फत होते आणि आल्यातली द्रव्ये त्यात ढवळाढवळ करू शकतात असे प्रयोगशाळेतले संकेत आहेत. माणसात त्याचे महत्त्व किती हे गोळीगणिक वेगळे असते. भाजीत, कढीत, डाळीत पडणाऱ्या आल्याला हरकत नसते. रोज ग्रॅमभर सुंठ घेण्याआधी मात्र गोळीचे नाव डॉक्टरांपुढे ठेवावे.

स्वच्छता

आले जमिनीत वाढते आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यांत माती अडकून राहते. साताऱ्याकडचे असो वा मराठवाड्यातले, बाजारात येणारे आले वरवर धुतलेले असते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णासाठी ही माती म्हणजे जंतूंचे घर. आधी प्रत्येक बोट मोडून सुटे करावे, वाहत्या पाण्याखाली जुन्या पण स्वच्छ ब्रशने घासावे, मगच साल काढावी. आधी साल काढून मग धुतल्याने सुरीबरोबर माती आत जाते. टोकाला निळसर-करडी बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून उरलेले वापरू नये, सगळा तुकडा टाकावा. पांढऱ्या पेशी खाली असताना कच्चा रस, कच्चा किस, सैंधव लावलेले कच्चे तुकडे नकोत. उकळलेलेच आले चालेल. रस्त्यावरच्या उसाच्या रसात पिळलेले आले या काळात पूर्ण वर्ज्य.

सोबतचे खाणे

आल्याच्या आधी आणि नंतर पोटात काय जाते यावरही मळमळ अवलंबून असते. तीन जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी मूठभर खाणे, जेवताना पाणी न पिता ते मधल्या वेळात घोट घोट घेणे आणि खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास आडवे न होणे, या तीन गोष्टींनी बराच फरक पडतो. ऑनडॅनसेट्रॉनची तोंडात विरघळणारी गोळी लिहून दिलेली असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. लाह्यांचे पाणी, तांदळाची पेज, मुगाचे कढण, थंड दहीभात, उकडलेला बटाटा हे पदार्थ वासाने सौम्य आणि पोटाला हलके. घरी केलेल्या ताज्या ताकात उकळलेल्या आल्याचे दोन चमचे पाणी घातले तर गोळी गिळता न येणाऱ्यालाही मात्रेचा काही भाग मिळतो. रुग्णाच्या आवडीचे पदार्थ केमोच्या दिवशी मुद्दाम करून घालू नयेत. वर सांगितलेली नावड नेमकी त्यांनाच चिकटते आणि नंतर आवडीचेही काही उरत नाही.

ऑनडॅनसेट्रॉनने मलावरोध होतो आणि मलावरोधाने पुन्हा मळमळ होते. चौथ्या-पाचव्या दिवशी मळमळ परतली आणि तीन दिवस पोट साफ झालेले नसेल, तर आले वाढवण्याऐवजी रेचकाबद्दल विचारावे.

मळमळीची इतर कारणे

पोटावर किरणोपचार घेणाऱ्यांनाही मळमळ होते. तिथे आल्याचा पुरावा केमोइतकाही नाही, आणि किरणांनी आतड्याला सूज आलेली असताना तिखट पदार्थ नीट सोसत नाहीत. ऑनडॅनसेट्रॉनसारखे औषधच तिथे द्यावे लागते. मॉर्फिन सुरू झाल्यावर पहिले काही दिवस होणारी मळमळ बहुधा आठवड्याभरात ओसरते आणि तोवर डॉक्टर वेगळी गोळी देतात.

काही वेळा मळमळ ही उपचाराची नसून आजाराची खूण असते. पोट फुगून कळा येत असतील, वायू सरत नसेल आणि हिरवट उलटी होत असेल तर आतडे अडलेले असू शकते. सकाळी उठल्याउठल्या डोके ठणकत असेल आणि उलटी एकदम उसळून येत असेल तर मेंदूची तपासणी लागते. खूप तहान, वारंवार लघवी, गोंधळलेले बोलणे आणि मळमळ हे एकत्र असेल तर रक्तातले कॅल्शियम वाढलेले असू शकते. यांतल्या कशावरही आल्याचा प्रयोग करत वेळ दवडू नये.

चोवीस तासांत पाणीही पोटात टिकले नाही, लघवी आठ तासांत झाली नाही किंवा गर्द पिवळी होऊ लागली, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसले, किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर वेळ रात्रीची असली तरी रुग्णालयाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करून तिकडे निघावे. निघताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर सुंठ किंवा आले किती आणि केव्हापासून चालू आहे हेही लिहून न्यावे.